झाडाची सावली आणि अनोळखी पाहुणे
शास्त्रपाठ : उत्पत्ती 18:1-10, इब्री 13:2

भर दुपारी अब्राहाम मम्रेच्या राईत तंबूच्या दाराशी बसला होता. ऊन, झाडे, सावली, सारे नित्याचेच. त्याने दृष्टी वर केली, तो तीन अनोळखी पुरुष समोर उभे! ते कोण, कोठले, हे न विचारता नव्व्याण्णव वर्षांचा हा वृद्ध त्यांच्याकडे धावत गेला. त्याने देऊ केले ते थोडेच : पाय धुण्यास पाणी, झाडाखाली विसावा, थोडी भाकर. प्रत्यक्षात तीन मापे सपीठ, कोवळे वासरू, दहीदूध असा पाहुणचार झाला. त्याच झाडाखाली सारेला पुत्र होण्याचे अभिवचन पुन्हा मिळाले.

सावली अब्राहामाने निर्मिली नव्हती. ती देवाची देणगी होती. पांथस्थाला तीत जागा मिळाली, तेव्हा तिचे सौंदर्य पूर्ण झाले.

प्रियजनहो, दारचा कडुनिंब रोजचाच आणि आगगाडीतील सहप्रवासी घटकाभराचाच, म्हणून आपण दोघांकडेही पाहत नाही. परक्याविषयीचा संशय तर आपल्या मंडळ्यांतही शिरला आहे. पण कित्येकांनी नकळत देवदूतांचे आतिथ्य केले, असे इब्री लोकांस पत्र सांगते.

मननासाठी : उपासनेनंतर दाराशी एकटा उभा राहणारा नवखा मनुष्य आपल्याला दिसतो काय? देवाने दिलेल्या कोणत्या सावलीत आपण त्याला जागा देऊ?