शाळेच्या आधीं शिक्षक

शास्त्रपाठ : लूक ६ : ३९-४९; २ तीमथ्य २ : १-२; याकोब ३ : १

ठाण्याकडून मुंब्र्यावरून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता शीळ गांवाजवळ फुटतो. एक शाखा डोंबिवली-कल्याणास जाते, दुसरी महाप्याकडे वळते, आणि त्या जेथें मिळतात त्या जागेस लोक शीळफाटा म्हणतात. मालमोटारींची रीघ येथें रात्रीं देखील थांबत नाहीं. मुंबईहून अहमदाबादेस जावयाच्या अतिजलद रेल्वेचा २१ किलोमीटरांचा बोगदा याच ठिकाणीं उजेडांत येतो. या गजबजाटांत, एका चाळीच्या दोन खोल्यांत, नगर, बीड व जालना या जिल्ह्यांतून मजुरीस आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठीं आमच्या मंडळीनें कांहीं वर्षांपूर्वीं सायंकाळचा वर्ग उघडला होता. तो अकरा महिन्यांत बंद पडला. कां बंद पडला हें सांगितल्यावांचून आजच्या पाठास आरंभ करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

वर्गावर आम्हीं मंडळींतील एक तरुण नेमला. तो बारावी उत्तीर्ण, गळ्यानें गोड, प्रार्थनेंत नियमित. आम्हीं त्याच्या हातीं खडू दिला आणि म्हटलें, “जा, शिकव.” याहून अधिक कांहीं दिलें नाहीं. तो बिचारा आपल्या लहानपणच्या शाळेंत जसें होत असे तसें करूं लागला; स्वतः एक ओळ म्हणे, आणि तीस मुलें ती एकसुरांत परत म्हणत. बाहेरून ऐकणारास वाटे, काय सुरेख शाळा चालली आहे! एका रविवारीं नऊ वर्षांच्या एका मुलीनें उपासनेंत पुस्तकाचें अख्खें पान वाचून दाखविलें, आणि आम्हीं व्यासपीठावरून तिची वाखाणणी केली. पुढच्या आठवड्यांत सहज म्हणून आम्हीं तिच्यापुढें तेंच पुस्तक धरलें व पान उलटलें. ती मुलगी मागचेंच पान म्हणत राहिली. बोट एका ओळीवर, शब्द दुसऱ्या पानाचे. तिला एकही अक्षर येत नव्हतें.

हें कळल्यावर तो तरुण इतका खजील झाला कीं महिन्याभरांत वर्ग सोडून एका गोदामांत कामास लागला. दोष त्याचा नव्हता. दोष पाठविणारांचा होता, आणि पाठविणारे आम्हीच होतों.

आजच्या शास्त्रपाठांत लूकानें तीन गोष्टी एकापुढें एक दिल्या आहेत : वाट दाखविणारा आंधळा, गुरूसारखा होणारा शिष्य, आणि खोल खणून पाया घालणारा मनुष्य. उपदेशक बंधूंनो, आपण बहुधा या तिहींवर तीन निरनिराळीं प्रवचनें करतों. पण त्या सलग वाचून पाहा. शिष्य पूर्ण तयार झाला म्हणजे गुरूइतका होतो, गुरूच्या पुढें जात नाहीं, असें प्रभु सांगतात. मग गुरूच कच्चा असेल तर शिष्याच्या पक्केपणाची मर्यादा तेथेंच ठरली. पायाची गोष्ट आम्हां शीळफाट्याच्या लोकांस निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. ४ एप्रिल २०१३ रोजीं येथेंच एक बेकायदा इमारत कोसळली व ७४ माणसें मेलीं. सात मजले चढले होते, आठव्याचें काम चालू होतें, आणि खालीं कुटुंबें राहावयास आलींही होतीं. बाहेरून पाहणारास ती इमारतच दिसत होती.

आतां शिक्षक तयार करण्याचा विचार आपल्या मंडळ्यांत कोठून आला, तें पाहूं. १५२८ सालीं साक्सनी प्रांतांतील मंडळ्यांच्या तपासणीच्या कामांत मार्टिन लूथर यांनीं भाग घेतला. खेड्यांतील लोकांस दहा आज्ञा, विश्वासांगीकार व प्रभूची प्रार्थनाही येत नाहीं, आणि कित्येक पाळकांस तीं शिकवितां येत नाहींत, हें पाहून त्यांस मोठा खेद झाला. पुढच्याच वर्षीं, १५२९ सालीं, त्यांची लहान प्रश्नोत्तरी निघाली. तिची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे : आधीं मूळ शब्द, आणि प्रत्येक ठिकाणीं लागलीच त्याचा अर्थ विचारणारा प्रश्न. पाठांतर त्यांनीं टाकलें नाहीं. पण पाठांतरावर शाळा सोडलीही नाहीं. आमच्या त्या मुलीस हा दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. याच्या आधीं १५२४ सालीं लूथर यांनीं जर्मन नगरांच्या पंचांस पत्र लिहून ख्रिस्ती शाळा काढण्याची विनंती केली होती, आणि १५३० सालीं मुलांस शाळेंत ठेवण्याविषयींच्या प्रवचनांत, आपणांस पाळकाचें काम सोडावें लागलें तर शाळामास्तराचें काम सर्वांत आधीं पत्करूं, अशा अर्थाचें लिहिलें.

यापुढचें पाऊल हाल्ले नगरांत ऑगस्ट हर्मान फ्रांके यांनीं टाकिलें. १६९५ सालीं दानपेटींत आलेल्या थोड्याशा पैशांवर त्यांनीं गरिबांच्या मुलांची शाळा काढली, आणि लवकरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं मुलें पुष्कळ आहेत, पण शिकविणारे नाहींत. तेव्हां विद्यापीठांतील गरीब विद्यार्थ्यांस त्यांनीं जेवण द्यावें व त्याच्या मोबदल्यांत त्यांच्याकडून शाळेंत शिकवून घ्यावें, असें चालू केलें. आणि त्यांस शिकविण्याची रीत शिकविण्याचीही सोय केली. पोटास अन्न, हातास काम, आणि कामावर देखरेख करणारा एक अनुभवी मनुष्य. पुढें निघालेल्या अध्यापनशाळांचें बीज यांतच आहे.

हाल्लेशीं संबंध असलेले बार्थोलोमेव झीगेनबाल्ग ९ जुलै १७०६ रोजीं आपले सोबती प्लूट्शाऊ यांच्यासह तरंगमबाडी येथें उतरले. तरंगमबाडी म्हणजे डेन्मार्कच्या लोकांचें छोटें ठाणें. पण भोंवतालचा मुलूख कोणाचा होता, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. तो मराठ्यांचा होता. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं तंजावरास राज्य स्थापिलें, आणि १७०६ सालीं त्यांचे पुत्र शहाजी गादीवर होते. म्हणजे या देशांतील पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनची शाळा निघाली ती मराठी राजाच्या मुलखाला लागून. झीगेनबाल्ग यांनीं काय केलें? त्यांनीं एका वृद्ध तमिळ पंतोजीस आपल्या घरीं शाळा भरविण्यास बोलाविलें, आणि लहान मुलांच्या रांगेंत बसून वाळूंत बोटानें अक्षरें गिरविलीं. शिकविणारानें आधीं शिकणारांत बसावें, हा धडा आम्हांस त्यांच्या सर्व ग्रंथांहून मोठा वाटतो. १७१६ सालीं, आपल्या मरणाच्या तीन वर्षें आधीं, त्यांनीं शिक्षक व उपदेशक तयार करण्यासाठीं निराळी शाळा काढली. देशी माणसांच्या हातीं काम सोंपवावयाचें असा बेत त्यांत होता; आणि १७३३ सालीं आरोन नांवाच्या तमिळ उपदेशकास पाळकपदाची दीक्षा मिळाली.

तंजावरांत याचें फळ ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ यांच्या हातून आलें. ते १७५० सालीं आले व १७९८ सालीं तंजावरासच वारले. त्यांच्या दोन शिष्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एक मराठी राजपुत्र, दुसरा तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती कुटुंबांतला मुलगा. राजपुत्र ते सरफोजी. तुळजाजी राजांनीं १७८७ सालीं त्यांस दत्तक घेतलें. राजा लवकरच वारला, गादीच्या भांडणांत मुलाचे हाल होऊं लागले, तेव्हां श्वार्ट्झ यांनीं त्याची बाजू धरली, आणि १७९३ सालीं त्यास मद्रासेस नेऊन त्याच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. सरफोजी अखेरपर्यंत हिंदुच राहिले. श्वार्ट्झ यांनींही त्यांच्यावर बळजबरी केली नाहीं. गादीवर आल्यावर त्यांनीं शाळा काढल्या, १८०५ सालीं छापखाना घातला, आणि तेथें देवनागरी अक्षरांत मराठी पुस्तकें छापलीं; इसापाच्या गोष्टींची ‘बालबोध मुक्तावली’ त्यांतलीच. मुंबई-पुण्याकडे मुलांच्या हातीं छापील मराठी पुस्तक येण्याच्या आधींची ही गोष्ट! गुरूच्या स्मरणार्थ त्यांनीं इंग्लंडांत फ्लॅक्समन नांवाच्या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करून आणविलें. मरणशय्येवरील श्वार्ट्झ व त्यांचा हात धरणारे सरफोजी त्यांत कोरिले आहेत.

दुसरा मुलगा वेदनायगम. बारा वर्षांचा असतां बापानें त्यास श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन केलें. तंजावरांत व मग तरंगमबाडींत त्याचें शिक्षण झालें, आणि एकोणिसाव्या वर्षीं त्याच्यावर तंजावरच्या शाळेची जबाबदारी आली. येथें थांबून विचार करा : आम्हीं नेमलेला तरुणही एकोणीस वर्षांचाच होता! पण एकाच्या मागें सात वर्षांची तयारी होती, दुसऱ्याच्या मागें एक खडू. वेदनायगम शास्त्री पुढें तमिळ ख्रिस्ती मंडळीचे मोठे कवि झाले. सूर्याभोंवतीं ग्रह फिरतात ही विद्या त्यांनीं आपल्या काव्यांत आणून ती लोकांच्या तोंडीं दिली. तरी खरें तें सांगितलें पाहिजे. मंडळींतील जातिभेद मोडावा असा आग्रह पुढच्या मिशनऱ्यांनीं धरला, तेव्हां शास्त्री त्यांच्या विरुद्ध उभे राहिले, आणि १८२९ सालीं त्यांची नोकरी गेली. सरफोजींनीं त्यांस आश्रय दिला. ज्या मंडळ्यांचे आजे-पणजे गांवकुसाबाहेर राहिले, त्या आम्हांस त्या वादांत शास्त्र्यांची बाजू मुळींच पटत नाहीं. चांगल्या अध्यापनशाळेंत बुद्धि तयार होते. पंगतीला कोण कोठें बसावें हें मनांतलें जुनें वळण तेवढ्यानें जातेंच असें नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत लूथरपंथी शाळा फारशा निघाल्या नाहींत. त्यांचें काम तमिळ मुलखांत, गुंटूराकडे व छोटा नागपुरांत वाढलें. येथें तें ओझें अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, चर्च मिशनरी सोसायटी यांनीं उचललें. सिंथिया फरार बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या व १८३९ पासून अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) मुलींच्या शाळा पाहत राहिल्या. ती शाळा पाहून जोतीराव फुले यांस पुण्यास मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा झाली, आणि सावित्रीबाईंनीं नगरास फरार बाईंपाशीं व पुण्यास मिचेल बाईंच्या अध्यापनशाळेंत शिक्षण घेतलें. सावित्रीबाईंच्या धैर्याचें आपण वर्णन करतों, अंगावर पडलेल्या शेणाचिखलाचें करतों, तें योग्यच आहे. पण त्या शिकवूं लागल्या त्या शिकविणें शिकून, हें सांगावयाचें राहून जातें. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानें खासगी शाळांस सरकारी मदतीची वाट मोकळी केली आणि अध्यापनशाळांवर भर दिला. तेव्हांपासून तयार शिक्षक ही मिशनांची गरजच झाली.

खेड्यांत मात्र पुष्कळ ठिकाणीं एकच मनुष्य आठवडाभर मास्तर व रविवारीं उपदेशक असे. आमच्या वडीलधाऱ्यांनीं अशा मास्तरांच्या हातून अक्षरें गिरविलीं, आणि त्यांचें ऋण आम्ही मानतों. तरी त्यांतून एक समजूत मागें राहिली : ज्यास प्रार्थना येते त्यास शिकवितां येतेंच. देवाच्या आत्म्यास प्रमाणपत्र कशाला पाहिजे, असें एका उपदेशक बंधूनें आम्हांस विचारलेंही. आम्हीं त्यांस विचारलें, आपल्या मुलास विषमज्वर झाला असतां आपण भाविक माणसाकडे जातां कीं भाविक वैद्याकडे? पौलानें तीमथ्याला सोंपवणी सांगितली ती विश्वासू आणि शिकविण्यास समर्थ अशा माणसांकडे. दोन्ही शब्द तेथें आहेत. याकोब तर शिक्षक होण्याची घाईच करूं नका म्हणतो.

कायदाही आतां तसेंच म्हणतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यान्वयें पहिली ते आठवीच्या शिक्षकास ठराविक पदविका किंवा पदवी, आणि शिवाय १५० गुणांची शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. ६ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळा या अधिनियमाबाहेर ठेविल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं या निर्णयाविषयीं शंका घेऊन अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठविला. निकाल कोणताही लागो. ख्रिस्ती शाळेनें सवलतीच्या आडोशास उभें राहून कच्चा शिक्षक ठेवावा, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

पैशांची अडचण खरी आहे. गेल्या वर्षीं आमच्या मंडळींत प्रार्थनामंदिराच्या पत्र्यांसाठीं थोडी रक्कम जमली होती. मंडळींतील एका मुलीस दोन वर्षांच्या पदविकेस पाठवावें, असें आम्हीं सुचविलें. एक वृद्ध पंच उठून म्हणाले, “पाळकसाहेब, पावसांत डोकीवर पाणी गळतं, आणि तुम्ही पोरीच्या शाळेचं काय घेऊन बसलां? शिकली कीं जाईल मोठ्या पगारावर दुसरीकडं.” जाईलही. आम्हीं तेंच सांगितलें. ती दुसऱ्या शाळेंत गेली तरी तेथेंही मुलेंच असतील. दोन तास वाद झाला. अखेर निम्मी रक्कम मुलीस व निम्मी पत्र्यांस, असा ठराव झाला, आणि उत्तरेकडील पत्रे अजून गळतात.

सायंकाळचा वर्ग पुन्हां उघडला आहे, पण आठवड्यांतून दोनच दिवस. जिल्हा परिषदेच्या शाळेंतून निवृत्त झालेल्या एक बाई त्याच चाळींत राहतात. त्या ख्रिस्ती नाहींत. आम्हीं विनंती केल्यावरून त्या मागच्या बाकावर वही घेऊन बसतात आणि आमची मुलगी त्यांच्यासमोर पाठ घेते. तीस मुलांऐवजीं आतां बारा आहेत. गेल्या गुरुवारीं ‘र’ निरनिराळ्या अक्षरांस कसा जोडतात, हा पाठ होता. पाठ संपल्यावर बाईंनीं वही उघडली व अकरा चुका वाचून दाखविल्या. फळ्याकडे तोंड करून बोललीस, ही त्यांतली पहिली. मुलीचे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, “अग, रडतेस काय? माझ्या पहिल्या पाठाला एकोणीस होत्या. सोमवारी हाच पाठ पुन्हा घे.”