घारापुरी : लेण्यांच्या पलीकडची तीन गावं

गेटवेची लाँच घारापुरीच्या धक्क्याला लागली की माणसं पायऱ्या चढतात, महेशमूर्तीसमोर फोटो काढतात आणि मिळेल त्या बोटीने परत फिरतात. या बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन नांदती गावं आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसतं. मुलांना घेऊन निघालात तर अख्खा दिवस हाताशी ठेवा आणि गावांसाठीच जा. लेणी वाटेत आहेतच.

लालबाग-परळकरांनी आदल्या एखाद्या रविवारी मुलांना राणीच्या बागेत न्यावं. तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांच्या काळात तो फुटला, १८६४ मध्ये तुकडे मुंबईत आले आणि पुढे ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आधी हा हत्ती पाहिलेली मुलं बेटावर पाय ठेवताच त्याची मूळ जागा विचारू लागतात. तो दक्षिण किनाऱ्याकडे होता, एवढं त्यांना सांगता आलं पाहिजे.

सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम; पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि फेऱ्यांचा भरवसा नसतो. दादर किंवा गिरगावहून मेट्रो ३ ने हुतात्मा चौक गाठा, तिथून गेटवे चालत जाता येतं. सकाळी नऊच्या सुमाराची बोट धरा, प्रवास तासाभराचा. लाइफ जॅकेट घालायला मुलं कुरकुरतील, पण त्यांचं अजिबात ऐकू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नीलकमल बोटीचा भीषण अपघात झाला होता.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असली तरी चालतच जा. ओहोटी असेल तर चिखल, तिवरं आणि टेकलेल्या होड्या मुलांना जवळून दिसतात. पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं लागतात, ती बेटावरच्याच लोकांची. टोप्या, माळा, कैऱ्या घ्यायच्या तर इथेच घ्या, तो पैसा बेटावर राहतो. माकडांपासून मात्र सांभाळा : हातात पिशवी नको, खाऊ सॅकच्या आत ठेवा.

लेणी पाहून झाली की एखाद्या दुकानदार मावशींना मोराबंदरची वाट विचारा. शेतबंदर धक्क्याच्या बाजूला आहे. मोराबंदर आणि राजबंदरकडे जाणारी पर्यटकांची पावलं फार थोडी. घरासमोर वाळत घातलेली जाळी, दुरुस्तीला काढलेली होडी, पिण्याच्या पाण्याची काटकसर, हे सगळं मुलांना नीट पाहू द्या. महावितरणने समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली तेव्हा, फेब्रुवारी २०१८ मध्ये, या गावांत कायमची वीज आली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले. समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना इथली मुलं कशी अभ्यास करत असतील, हा प्रश्न आपल्या पोरांनी स्वतःला विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

गाव हे कुणाचं तरी घर आहे. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ओसरीवर बसायलाही परवानगी घ्या. जेवण गावातल्या छोट्या हॉटेलात घ्या, मासळी ताजी असते, पण सकाळीच सांगून ठेवलेलं बरं. पाणी घरून न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा, बेटावर कचऱ्याची सोय तोकडी आहे.

पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून घ्या आणि तिच्या आधीची बोट पकडा. सुट्टीच्या दिवशी शेवटच्या बोटीला लांब रांग लागते, आणि दमलेल्या लहान मुलांना घेऊन त्या रांगेत उभं राहणं जड जातं.