उन्हात एकच डोळा मिटणारं मूल



एप्रिलमधल्या एका बैठकीतली गोष्ट सांगते. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले. अंगणात एका ताईंचा साडेचार वर्षांचा मुलगा खेळत होता. सावलीतून उन्हात आला की त्याचा डावा डोळा गच्च मिटायचा. तीन-चार वेळा पाहिलं, दर वेळी डावाच.

विचारलं तर आई म्हणाली, "मॅडम, त्याला ऊन सहन होत नाही. पहिल्यापासून असंच आहे." शेजारच्या आजी म्हणाल्या, "कधी कधी डोळा बाहेर पळतो त्याचा. नशीबवान असतं असं पोरगं!"

ताईंनो, ऊन लागलं की आपण दोन्ही डोळे बारीक करतो. मूल नेहमी एकच डोळा मिटत असेल, तर तो तिरळेपणा असू शकतो. हा तिरळेपणा दिवसभर दिसेलच असं नाही. मूल दमलं, आजारी पडलं किंवा कडक उन्हात गेलं की दिसतो. यात नशीब वगैरे काही नाही. तिरळा डोळा मेंदू हळूहळू वापरेनासा होतो आणि त्याची नजर मंद होते. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर फायदा सगळ्यात जास्त. उशीर झाला की पुढे चष्म्यानेही पूर्ण नजर येत नाही.

आणि मूल स्वतःहून सांगत नाही. एका डोळ्याने कमी दिसतं, हे त्याला कळतच नाही.

घरी अशी तपासणी करा

मुलाला दहा फुटांवर उभं करा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरातले मोठे आकडे वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. आकडे येत नसतील तर ओळखीची चित्रं दाखवा. अगदी लहान बाळाचा एक डोळा झाकला तर चालतं, पण दुसरा झाकला की ते रडतं, हात ढकलतं? मग उघड्या डोळ्याने कमी दिसत असेल. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

उन्हापासून काय जपायचं?

लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यामुळे उन्हातले घातक किरण आतपर्यंत जास्त जातात.

- शेतात झाडाला झोळी बांधतो तेव्हा सावली सरकते हे विसरू नका. उताण्या झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांवर थेट ऊन येतं. झोळीची जागा बदलत राहा.
- अकरा ते चार मुलांना सावलीत ठेवा. बाहेर जायचंच असेल तर चारही बाजूंनी काठ असलेली टोपी घाला.
- जत्रेतला स्वस्त काळा गॉगल नको. काळ्या काचेमुळे बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवत नसेल तर ते उलट जास्त आत जातात. घ्यायचाच तर 'यूव्ही ४००' लिहिलेला, खात्रीच्या दुकानातून घ्या.
- सूर्याकडे टक लावून बघू देऊ नका, ग्रहणात तर मुळीच नाही.
- डोळे लाल झाले तर मध, एरंडेल, कांद्याचा रस घालू नका. काजळही नको.

म्हणून मुलांना घरात कोंडू नका हं! सकाळ-संध्याकाळ मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा त्रास कमी होतो.

कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासणी मोफत असते. तारीख अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारा. शंका असेल तर पथकाची वाट न बघता ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा.

त्या ताईंनी गाडीभाड्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. डॉक्टरांनी तिरळेपणाच सांगितला. आता मुलाला चष्मा आहे, आणि रोज ठरलेला वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी असते. आजीच आठवणीने पट्टी लावतात.

पुढच्या बैठकीचं काम: प्रत्येकीने आपल्या मुलांचे, नातवंडांचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून यायचं. काय दिसलं ते सचिवताईंनी इतिवृत्तात लिहायचं. मी आले की आधी तेच वाचणार आहे!

तुमची,
क्षेत्र समन्वयक