कच्च्या वाटेसाठी मोटारसायकलची तयारी : आपल्या मातीचे विज्ञान

आजकाल 'ॲडव्हेंचर बाईक' हा शब्द तुम्ही सारखा ऐकता. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. पण गाडी विकत घेतली म्हणजे ती कच्च्या वाटेसाठी तयार झाली, असं नसतं. ती कोणत्या जमिनीवर चालणार, हे आधी पाहावं लागतं. या पाठात आपण हिवरखेडच्या आजूबाजूची जमीन आणि गाडीची तयारी यांचा संबंध समजून घेऊ.

१. आधी जमीन ओळखा

तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. इथून दक्षिणेला पूर्णा नदीकडे गेलं की खोल काळी माती लागते. उत्तरेला वारीकडे, वान धरणाच्या बाजूला गेलं की डोंगरातून वाहून आलेले गोटे आणि रेती. म्हणजे एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या जमिनी!

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि चिकट होतं. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि तिला भेगा पडतात. गोट्यांच्या वाटेवर चिकटपणा नसतो, पण चाकाखालचा गोटा सरकतो. एका जमिनीवर चाक रुततं, दुसरीवर घसरतं.

२. चाक आणि उंची

एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर. रोजच्या १०० सीसी गाडीत ही उंची साधारण १६५ मिलिमीटर असते. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि गोट्यावर सहज चढतं, कारण गोट्याला ते कमी तिरकं भिडतं. बैलगाडीचं चाक मोठं का असतं, याचं एक कारण हेच.

टायरवर मोठे ठोकळे हवेत. ट्रॅक्टरचं मागचं टायर आठवा. ठोकळे मातीत रुतून पकड देतात. डांबरावर मात्र तेच टायर लवकर झिजतं आणि ओल्या रस्त्यावर कमी पकडतं.

३. हवेचं गणित

दाब = बल ÷ क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्हाला माहीत आहे. समजा गाडी, माणूस आणि सामान मिळून २४० किलो, त्यातले १४४ किलो मागच्या चाकावर.

- हवा ३० पीएसआय (सुमारे २.१ किलो प्रति चौ. सेमी) : १४४ ÷ २.१ = सुमारे ६९ चौ. सेमी
- हवा २० पीएसआय (सुमारे १.४ किलो प्रति चौ. सेमी) : १४४ ÷ १.४ = सुमारे १०३ चौ. सेमी

म्हणजे हवा कमी केली की टायर जमिनीला दीडपट टेकतं. हा ढोबळ हिशोब आहे, पण दिशा बरोबर आहे. मऊ मातीत आणि रेतीत हे फायद्याचं. गोट्यांवर मात्र हवा फार कमी असली तर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि पंक्चर होतं. म्हणून गोट्यांच्या वाटेवर हवा थोडीच कमी करायची. डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायची. त्यासाठी छोटा पंप आणि हवा मोजायचं मीटर जवळ हवंच.

४. बसणं, उभं राहणं आणि सस्पेन्शन

खडबडीत वाटेवर पायदानावर उभं राहून गाडी चालवतात. गुडघे थोडे वाकलेले असले की धक्का पाय झेलतात. म्हणून हँडल आणि ब्रेक-क्लचचे लिव्हर उभं राहून हाताला सरळ येतील असे लावून घ्या. हा बदल जवळजवळ फुकट होतो, आणि फरक सर्वात जास्त पडतो.

स्वार बसल्यावर मागचं सस्पेन्शन त्याच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश दबावं. एक्सपल्सची मागची हालचाल १७० मिलिमीटर, म्हणजे साधारण ४५ ते ५५ मिलिमीटर. सामान वाढलं की स्प्रिंगचा ताण वाढवावा लागतो.

५. संरक्षण आणि सामान

- इंजिनाखाली जाड पत्रा : गोटा उडून इंजिनाला लागू नये म्हणून.
- हातांसमोर गार्ड : पडल्यावर लिव्हर वाचतो.
- पुढचं मडगार्ड उंच : काळा चिखल चाकात अडकून चाक जाम होतं.
- एअर फिल्टर : उन्हाळ्याच्या धुळीत वारंवार साफ करा.
- सामान : जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ.

नाल्यात गाडी बंद पडली तर लगेच स्टार्टर मारू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

६. कुठे थांबायचं

ओल्या काळ्या मातीवर कोणतंही टायर फार वेळ टिकत नाही. ठोकळ्यांमधली जागा चिखलाने भरते आणि टायर गुळगुळीत होतं. आपले शेतकरी पावसात पांदणीत गाडी घालत नाहीत, कडेला लावून पायी शेतात जातात. ती भीती नव्हे, अनुभव आहे. ऊन पडेपर्यंत थांबणं हीसुद्धा तयारीच, आणि तिला पैसे लागत नाहीत.

तसंच, वान आणि नरनाळा ही अभयारण्यं मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतात. तिथे मनाला येईल त्या वाटेने गाडी नेता येत नाही. शेताच्या धुऱ्यावरून, उभ्या पिकातून जाणंही चुकीचं. आणि गिअरची मोटारसायकल चालवायचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो, बरं का! हेल्मेट तर प्रत्येकाला हवंच.

लक्षात ठेवा : आधी जमीन, मग हवा, मग बैठक, आणि शेवटी विकतचं सामान.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात हवा २५ पीएसआय (सुमारे १.७५ किलो प्रति चौ. सेमी) असेल तर टायर किती चौ. सेमी टेकेल?
२. गोट्यांच्या वाटेवर हवा फार कमी का करू नये?
३. उपक्रम : शेतातली काळी माती बाटलीत घेऊन पाणी टाका. दुसऱ्या दिवशी मातीची उंची मोजा. नदीतल्या रेतीशी तुलना करून निष्कर्ष वहीत लिहा.