थंड पेयावर चाळीस टक्के, बिस्किटावर पाच: हा न्याय आहे का?

प्रश्न: माझं पारनेर बसस्थानकाजवळ छोटं दुकान आहे. मजूरही कोल्ड्रिंक घेतो, बागायतदारही. गोड पेयांवर जादा कर म्हणजे गरिबाच्याच खिशाला हात नाही का?
– एक वाचक, पारनेर

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. वीस रुपयांच्या बाटलीतले पाचाहून जास्त रुपये करात जातात. ते मजुराला जड, बागायतदाराला नाहीत. पण मधुमेहाचा खर्चही मजुरालाच जड जातो. औषधापायी त्याचा रोज बुडतो. म्हणून मी या कराच्या बाजूने आहे.

आजच्या रचनेच्या बाजूने मात्र नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून थंड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. साखर असो वा नसो, दर तोच. त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेट आणि पाकीटबंद फरसाण ५ टक्क्यांवर आलं. पोराच्या हातात बाटलीपेक्षा पाच रुपयांचा पुडाच जास्त वेळा असतो, हे तुम्ही रोज बघता.

ब्रिटनने २०१८मध्ये कर साखरेच्या प्रमाणावर बसवला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. बऱ्याच कंपन्यांनी साखरच घटवली. त्या पेयांवर गिऱ्हाइकाला कराचा भुर्दंड न पडता फायदा झाला. मला न्याय्य वाटतो तो हा मार्ग.

आपल्याच तालुक्यात राळेगणसिद्धीने दुकानांतून विडी-तंबाखू हटवली, तीही कराविना. पण तिथे ग्रामसभा पाठीशी होती. तुम्ही एकटे असलात तरी काउंटरवर पुढे ताक ठेवून बघा, कोल्ड्रिंक मागे.