गॅस ओळखणारे कथिल

आता आपल्या गावात पुष्कळ घरी गॅसची शेगडी आहे. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य घालतात. पण सर्दी झाली की वास कळत नाही. माझ्या आजीला तर मुळीच वास येत नाही, आणि दुपारी ती घरी एकटीच असते. म्हणून मी गुरुजींना विचारले, गॅस ओळखणारे यंत्र असते का? त्यांनी सांगितलेली माहिती देते.

असे यंत्र असते. जपानमध्ये तागुची यांनी १९६२ साली ते शोधून काढले. त्याच्या आतल्या भागाला सेन्सर म्हणतात. त्यात कथिलाचा ऑक्साइड असतो. कल्हईवाला भांड्याला लावतो तेच हे कथिल!

हा ऑक्साइड विजेने खूप तापवतात. मग हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांना चिकटतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे वीज कमी वाहते. गॅस आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो. इलेक्ट्रॉन सुटतात, वीज जास्त वाहते आणि भोंगा वाजतो. आजीला वास येत नाही, पण ऐकू चांगले येते.

थोडासा गॅससुद्धा कळावा म्हणून काय करतात? एक, कण अगदी बारीक करतात. गुळाचा खडा आणि तेवढाच कुटलेला गूळ पाण्यात टाकून पाहा. कुटलेला आधी विरघळतो, कारण पाणी त्याला जास्त जागी लागते. तसाच बारीक कणांना वायू जास्त जागी लागतो. दोन, त्यात पॅलॅडियम नावाचा महाग धातू किंचित मिसळतात. त्याने गॅस व ऑक्सिजन यांचा संयोग लवकर होतो. तीन, ज्या गॅससाठी जेवढी उष्णता लागते तेवढीच ठेवतात.

शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून हे यंत्र जमिनीजवळ लावावे, छताजवळ नको.

भोंगा वाजला किंवा वास आला तर काडी पेटवू नये. दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर जावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करावा. पालकांनो, घरी म्हातारे माणूस असेल तर त्यांना हे आजच नीट समजावून सांगा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी