डिस्कवरील छपाई : रंग हमखास कसा मिळवावा?

आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावने यंत्रमागाबरोबर चित्रपटांतही नाव कमावले. नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’ २००० साली आला. त्या काळी असे चित्रपट डिस्कवरून घरोघर पोहोचत. आता डिस्कचा खप पुष्कळ घटला आहे; तरी लग्नाच्या चित्रणासारखी कामे अधूनमधून निघतात आणि रंगावरून तक्रारी होतात. कापडाच्या धंद्यात आम्ही रंगाबाबत जे शिकलो, ते येथेही उपयोगी पडते.

पहिली गोष्ट अस्तराची. डिस्क चंदेरी असते आणि छपाईची शाई बरीचशी पारदर्शक. काळ्या कापडावर पिवळा ठसा उठत नाही, तशी येथे खालची चांदी रंग बिघडवते. म्हणून मोठ्या कामात आधी पांढऱ्या शाईचा भरीव थर द्यावा. मग ठळक अक्षरांना स्क्रीन छपाई व छायाचित्रांना ऑफसेट. थोडे नग असतील तर पांढरा लेप असलेली डिस्क घेऊन इंकजेटवर छापावी. कागदी लेबल चिकटवू नये. वेगाने फिरताना डिस्कचा तोल जातो.

दुसरी गोष्ट पडद्याची. संगणक लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छापखाना निळसर, गुलाबी, पिवळी व काळी शाई वापरतो. पडद्यावरचा झगमगता हिरवा किंवा नारिंगी शाईत तसाच उतरत नाही. दुकानाचा ठरलेला रंग असेल तर छापखान्याला पॅन्टोन क्रमांक द्यावा.

तिसरी गोष्ट लॉटची. लॉट बदलला की कापडाची शेड बदलते. डिस्कचेही तसेच. एका कामाला एकाच कंपनीच्या डिस्क व एकच शाई वापरावी. प्रिंटरमध्ये कागदाऐवजी डिस्कचा पर्याय निवडावा. त्या शाईसाठी आणि त्या लेपासाठी बनवलेले रंगाचे प्रोफाइल मिळाले तर उत्तम.

नमुना छापल्यावर रात्रभर वाळू द्यावा. ओल्या शाईवरून निर्णय करू नये. मग तो उन्हात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे पाहावा. एका उजेडात जुळलेल्या शेडी दुसऱ्यात फुटतात, हे प्रत्येक कापडवाला जाणतो. पसंत पडल्यावर दोन नमुन्यांवर सही करावी : एक छापखान्यात, एक आपल्याकडे. मोबाइलवर आलेला फोटो पाहून होकार देऊ नये.

फिका पडलेला तागा गडद रंगात बुडवून विकता येतो. डिस्क एकदा छापली की ती सोय नाही. सारे नुकसान अंगावर येते. एका नमुन्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.